भिंतीवरचा जुना कागद आणि तो उतरवण्याची हत्यारे

भिंतीवरचा जुना कागद कसा उतरवावा, हा विषय आम्ही बोलण्यासाठी निवडला आहे असे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "हे काम रंगाऱ्याचे. त्यावर सभेत बोलण्यासारखे काय आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, घर बांधण्याचा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एकदा येतो, आणि तोही सर्वांच्या नाही. पण भिंत खरवडण्याचा प्रसंग दर चार-सहा वर्षांनी प्रत्येकाच्या घरी येतो. जुन्या घरांचे जेवढे नुकसान पाऊसवाऱ्याने होते, तेवढेच दुरुस्तीच्या दिवशी होते, आणि ते आपण पैसे मोजून करवून घेतो. म्हणून हत्याराला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेणे बरे.

उदाहरणासाठी आम्ही दिवेआगर घेतो. शके ९८२ च्या मराठी ताम्रपटामुळे हे गाव अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि १९९७ साली एका बागेत सापडलेल्या सुवर्णगणेशामुळे ते सर्वांना ठाऊक झाले. पण आज आम्हाला बोलायचे आहे ते तेथील साध्या घरांविषयी. नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेली ही जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आणि चुन्याच्या गिलाव्याची. समुद्र हाकेच्या अंतरावर, वाऱ्यात बाराही महिने खार, आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. अशा ठिकाणी भिंत कोरडी ठेवता येत नाही. भिजलेली भिंत पुन्हा सुकेल एवढेच पाहता येते.

चुन्याची भिंत हे काम उत्तम करते. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजली की तिची कळी होते. कळी पाण्यात विरवली की चुना होतो. आणि तो भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडाच्या जातीचा होतो. मात्र हा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल घेतो आणि दिवाळीनंतर सोडतो. आपल्या आज्या-पणज्या दरवर्षी चुना का काढत असत, याचे कारण केवळ सणासुदीची हौस नव्हे. जुना चुना पाऊसपाण्याशी झिजत असे, आणि त्या झिजेची भरपाई नव्या हाताने होत असे.

कागदाची रीत मात्र निराळी. भिंतीला नक्षीदार कागद लावण्याची हौस युरोपात वाढली ती थंड हवेच्या, आतून कोरड्या ठेवलेल्या घरांत. चीनमधले हाताने रंगवलेले कागद सतराव्या-अठराव्या शतकांत तिकडच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेले, पुढे यंत्रावर छापलेले कागद सामान्यांच्या घरी पोचले. आपल्याकडे कोकणात जुन्या काळी कागद लागला तो वर्तमानपत्रांचा आणि देवादिकांच्या चित्रांचा, घरच्या खळीने. अलीकडे पाहुण्यांसाठी खोल्या सजवताना प्लास्टिकचा मुलामा दिलेला, गुळगुळीत कागद आला आहे. तो पुष्कळदा एकाच कारणासाठी लावला जातो: ओलीचा डाग दिसू नये म्हणून. डाग दिसेनासा होतो, पण ओल जात नाही. मुलाम्यातून तिला बाहेर पडता येत नाही, म्हणून ती कागदामागे साठते. खळीला बुरशी धरते. पाण्याबरोबर आलेले मीठ कागदामागेच स्फटिक धरून फुगते आणि गिलाव्याचा पोपडा सोडवते. मग कागद ओढला की त्याच्याबरोबर भिंतही येते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाड्यांतील पोफळी आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, आणि ज्या भिंतींनी पन्नास वर्षांत डोक्यावरून पाणी पाहिले नव्हते, त्या वरून भिजल्या. आमच्या माजघराच्या भिंतीवर असाच गुळगुळीत कागद होता. तो ठिकठिकाणी पोटासारखा फुगला. आम्हाला घाई झाली होती. आम्ही कागदाचे टोक धरून ओढले, आणि जो निघेना त्याच्याखाली छिन्नी घालून हातोडी मारली. पाटाएवढा गिलावा जांभ्यापर्यंत सुटून पायाशी पडला. त्यात खालच्या बाजूचा जुना काव दिलेला पट्टाही होता, जो घरातल्या कोणी हयात माणसाने दिलेला नव्हता. चूक हत्याराची नव्हती, आमची होती. त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला: हत्यार निवडताना जे काढायचे आहे त्याकडे पाहू नये, जे राखायचे आहे त्याकडे पाहावे. कागद कितीही चिवट असो, मागची भिंत मऊ असेल तर हत्यारही मऊच हवे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले हत्यार म्हणजे आपले बोट. बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करीत जावे. भरीव आवाज आला तर गिलावा चिऱ्याला धरून आहे. पोकळ, बदबद आवाज आला तर तो आतून सुटला आहे. अशा जागा खडूने वेढून ठेवाव्यात आणि तेथे लोखंड लावूच नये. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब शोषला गेला तर वरचा थर चुन्याचा किंवा साध्या कागदाचा. थेंब मण्यासारखा तसाच राहिला किंवा ओघळला तर तेली रंग, प्लास्टिकचा रंग किंवा मुलाम्याचा कागद. तिसरी परीक्षा, कोपऱ्यात वीतभर जागेवर सगळे काम करून पाहणे. ती वीत जे शिकवते ते सबंध भिंतीवर शिकायला फार महाग पडते. आणि कामापूर्वी त्या खोलीची वीज मुख्य बटणापासून बंद करावी, कारण पुढे पाणी येणार आहे.

कागद उतरवण्याचे खरे हत्यार पाणी हेच आहे. खळ म्हणजे पीठ. ते कोमट पाण्याने फुगते आणि पकड सोडते. साधा कागद असेल तर स्पंजाने किंवा जुन्या धोतराच्या बोळ्याने कोमट पाणी लावावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा लावावे. बहुतेक लोक येथेच चुकतात. पाणी लावतात आणि लगेच खरवडू लागतात. पाण्याला वेळ दिला की हाताला काम उरत नाही. ओल टिकावी म्हणून भिजवून पिळलेले गोणपाट भिंतीला लावून ठेवले तरी चालते. मात्र एका वेळी दोन-तीन हातांची जागाच भिजवावी. चुन्याची भिंत सबंध भिजवून टाकणे म्हणजे जी ओल घालवायची तीच आत भरणे होय.

मुलाम्याच्या कागदात पाणी शिरत नाही. त्याचा वरचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी कोरडाच काढावा. खालच्या कोपऱ्यातून टोक सोडवून कागद भिंतीशी समांतर, स्वतःवरच दुमडत, सावकाश वर न्यावा. काटकोनात ओढला तर सगळा जोर गिलाव्यावर येतो. समांतर ओढला तर तो खळीवर येतो. वरचा पापुद्रा निघाला की खाली साधा कागद उरतो, आणि तो पाण्याला ऐकतो. पापुद्रा अजिबात सुटत नसेल तर बाजारात एक काटेरी चक्र मिळते. ते फिरवले की कागदाला बारीक भोके पडतात आणि पाणी आत जाते. पक्क्या सिमेंटच्या भिंतीवर ते निर्धास्त वापरावे. चुन्याच्या भिंतीवर हलक्या हाताने, नाहीतर तेच काटे गिलाव्यात उमटतात. वाफेच्या यंत्राचेही तसेच. वाफ एका जागी फार वेळ धरली तर कागदाआधी गिलावा सुटतो.

आता पात्याकडे येऊ. रंगारी लांबी भरायला जी रुंद पोलादी पट्टी वापरतात, तीच येथे उपयोगी पडते. तीन-चार इंच रुंद आणि किंचित लवणारी असावी. नवी पट्टी तशीच वापरू नये. तिचे दोन्ही कोपरे कानशीने घासून गोल करावेत, कारण भिंतीवरच्या बहुतेक चरा पात्याच्या धारेने नव्हे, कोपऱ्याने पडतात. पट्टी भिंतीला जवळजवळ टेकवून, निजती धरावी आणि पुढे सरकवावी. उभी धरली की ती कागद काढत नाही, भिंत खणते. हाताला जोर लावावा लागला, तर तो अधिक पाण्याचा निरोप समजावा. मऊ, भुसभुशीत गिलाव्यावर पोलाद नकोच. बांबूची तासलेली कामटी किंवा घट्ट लाकडाची पट्टी घ्यावी. ती गिलाव्याच्या आधी स्वतः झिजते, आणि हाच तिचा गुण आहे. शेवटी राहिलेली खळ स्पंजाने पुसून घ्यावी. ती राहिली तर पुढच्या पावसात तिलाच बुरशी येते.

कागदाखाली काय निघेल हे सांगता येत नाही. पांढरा, कापसासारखा खार निघाला तर तेथे पाणी लावू नये. पाण्याने मीठ विरघळते आणि पुन्हा आत जाते. तो कोरडाच झाडावा. त्यासाठी मऊ केसांचा कुंचा किंवा नारळाच्या सोडणाचा ठेचून केलेला ब्रश पुरतो. झाडलेले मीठ कागदावर गोळा करून घराबाहेर टाकावे. चुन्याचे जुने हात निघाले तर जेवढे सुटलेले तेवढेच काढावेत. घट्ट बसलेला चुना हा मळ नव्हे, ते भिंतीचे कवच आहे. तारेचा ब्रश लोखंडाच्या गजांसाठी ठेवावा. चुन्यावर तो फिरवला की भिंत उघडी पडते.

तेली रंग निघाला तर मात्र सावध राहावे. जुन्या तेली रंगांत शिसे मुबलक असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांपर्यंत आणणारे नियम २०१६ साली झाले. त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर बसते, आणि रांगणारी मुले ती हातातोंडाने पोटात घेतात. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि झालेला अपाय भरून येत नाही. म्हणून पॉलिशपेपर कोरडा कधीही वापरू नये. पृष्ठभाग ओला ठेवून पट्टीने खरवडावे, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे, खाली प्लास्टिक अंथरावे, आणि कचरा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. लाकडी तुळया आणि वाळलेल्या झावळ्यांच्या घरात रंग जाळून काढण्याचा विचारही करू नये.

वरून एक थर चढवून खालचे राखू, ही समजूत केवळ आपल्या घरांतच आढळते असे नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एकोणिसाव्या शतकात वार्निश चढवले गेले. पुढे १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी सुटणारे रंग बसवण्यासाठी लाखेचा थर दिला. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे तो चांगल्या हेतूने दिला होता. पण काळाने वार्निश आणि लाख पिवळी-काळी पडली, आणि पुढच्या पिढ्यांतील रसायनज्ञांना ते थर अत्यंत सावकाश, थोड्या थोड्या जागेवरून उतरवत बसावे लागले. चढवायला जो वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ उतरवायला लागतो. आपल्या माजघराची भिंत म्हणजे अजिंठा नव्हे, हे खरे. पण हिशेब तोच आहे.

कागद निघाल्यावरची पायरी सर्वांत कठीण, कारण तीत काहीच करायचे नसते. भिंत सुकू द्यायची. दारे-खिडक्या उघड्या ठेवून निदान एक कोरडा ऋतू तिला द्यावा. ओल कोठून येते ते या काळात शोधावे: फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, जोत्याला टेकलेली माती. ते कारण दूर केल्यावाचून लावलेला कोणताही थर पुन्हा सुटणार. पडलेला गिलावा चुन्यानेच भरावा. चुन्याच्या भिंतीत सिमेंटचे ठिगळ दिले तर ते घट्ट बसते आणि त्याच्या कडेची भिंत सुटते. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा लावावा. कळी डोळ्यांत गेली तर दृष्टी जाऊ शकते.

आमच्या माजघराचा तो पाटाएवढा तुकडा आम्ही चुन्याने भरून घेतला आहे. काव दिलेला पट्टा तेवढा तुटलेलाच ठेवला. नवी काव जुन्या कावेसारखी दिसत नाही, आणि दिसावी असा आग्रहही आम्ही धरला नाही. उरलेल्या भिंतीवरचा कागद पुढे तीन आठवडे, रोज सकाळी दोन हात जागा, याप्रमाणे आम्ही उतरवला. त्या तीन आठवड्यांत आमच्या हाती पाण्याची बादली, एक स्पंज, कोपरे गोल केलेली एक पट्टी आणि बांबूची एक कामटी एवढीच हत्यारे होती. छिन्नी माळ्यावर होती, आणि ती अजून तेथेच आहे.