आधी पिसे की आधी पंख?

पक्ष्याला पिसे कशासाठी, असे विचारले तर लहान मूलही सांगेल, उडण्यासाठी. हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की ते तपासून पाहावे असे सहसा कुणाला सुचत नाही. पण ज्याला उडताच येत नव्हते अशा प्राण्याच्या अंगावर पिसे सापडली तर? आणि ती पहिल्या पक्ष्याच्याही आधीची ठरली तर? श्रोतेहो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या हाडांत नाही. ते खडकांच्या वयात आहे.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला आणि १८६१ मध्ये जर्मनीतील सोल्नहोफेनच्या चुनखडीत आर्किऑप्टेरिक्स सापडला. त्याचे दात, बोटांवरची नखे आणि हाडांची लांब शेपटी सरपटणाऱ्या प्राण्याची होती, पिसे मात्र पक्ष्याची. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे टॉमस हक्सले याने पक्षी आणि डायनोसॉर यांचे जवळचे नाते प्रतिपादन केले. १९९६ साली चीनच्या ल्याओनिंग प्रांतात सायनोसॉरॉप्टेरिक्स हा छोटा डायनोसॉर उजेडात आला. त्याच्या अंगावर केसांसारखी साधी, तंतुमय पिसे होती. हात इतके आखूड की उडण्याची गोष्टच नको. हक्सलेचा पक्ष सिद्ध झाला असे वाटले. पण हा प्राणी आर्किऑप्टेरिक्सच्या काळचा की त्याच्या नंतरचा, याविषयी एकमत नव्हते.

हे ठरवावे कसे? कार्बनचे घड्याळ येथे निरुपयोगी, कारण सुमारे ५० हजार वर्षांत ते जवळजवळ संपून जाते. सुदैवाने त्या काळी ल्याओनिंगमध्ये ज्वालामुखी धुमसत होते. त्यांची राख तळ्यांच्या गाळावर थरांनी बसली. त्या राखेत सॅनिडीन नावाचे स्फटिक असतात. त्यांतील किरणोत्सर्गी पोटॅशियमचा काही अंश संथपणे ऑरगॉन वायूत पालटतो; निम्मे पोटॅशियम सरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. खडक वितळलेला असताना हा वायू निसटून जातो, स्फटिक निवाला की आत कोंडला जातो. घटिकापात्र रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडावे, तसे हे आहे. आत किती साठले ते मोजले की किती काळ लोटला ते कळते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचे वय ठरवण्यातही हीच रीत उपयोगी पडली आहे.

१९९९ साली कार्ल स्विशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्याओनिंगच्या राखेचे वय १२ कोटी ४६ लाख वर्षे असे प्रसिद्ध केले. म्हणजे हा पिसांचा डायनोसॉर आर्किऑप्टेरिक्सहून सुमारे अडीच कोटी वर्षांनी अलीकडचा! आक्षेपकांना बळ आले. नातू आजोबांच्या आधी कसा जन्मला, असा त्यांचा सवाल होता.

सवाल बिनतोड दिसतो, पण तसा नाही. चुलत घराण्यातला कुणी आज हयात असला, म्हणून ते घराणेच आज सुरू झाले असे होत नाही. जीवाश्माचे वय इतकेच सांगते की या काळापर्यंत ही गोष्ट नक्की अस्तित्वात आली होती. ती सुरू केव्हा झाली हे त्यावरून कळत नाही. तरीही नुसत्या तर्काने समाधान होत नाही. त्याहून जुना पुरावा हवा होता.

तो त्याच प्रांतातल्या त्याहून जुन्या थरांनी दिला. २००९ साली तेथील अँकिऑर्निसचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच्या हातांवर आणि पायांवरही लांब पिसे होती, आणि त्याच्या थराचे वय निघाले सुमारे १६ कोटी वर्षे. काही अभ्यासक त्याला पक्ष्यांच्याच घराण्यात बसवतात. तरी आर्किऑप्टेरिक्सच्या आधी पूर्ण पिसे होती, हे त्याने ठरले. २०१४ मध्ये सैबेरियातील कुलिंदा येथून पक्ष्यांपासून दूरच्या शाखेतला एक शाकाहारी डायनोसॉर पुढे आला. त्याच्याही अंगावर तंतू होते. ते आणि पिसे मुळात एकच असतील, तर पिसांचा उगम डायनोसॉरांच्या आद्य पूर्वजापर्यंत, २३ कोटी वर्षांहून मागे जातो. यावर विद्वानांत अद्याप वाद आहे.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची झाली. पिसे उडण्यासाठी जन्मली नाहीत. ऊब राखण्यासाठी किंवा जोडीदाराला दिसण्यासाठी ती आली असावीत. उड्डाणाने ती पुढे वापरून घेतली. काळाचा आकडा एकटा वंश ठरवत नाही. परंतु वंशाविषयीच्या प्रत्येक सिद्धांताला त्याच्यापुढे उभे राहून झडती द्यावीच लागते.