खाडीपुलावरचा फोन

लोकल मानखुर्द सोडून वाशीच्या खाडीपुलावर चढली की रुळांचा आवाज पोकळ होतो, दारातून खारा वारा आत घुसतो. कित्येक वर्षं त्या आवाजासरशी मी आईला फोन करायचो, ‘‘पुलावर आलोय गं.’’ तिकडे नेरूळला ती कुकर चढवायची. आईला जाऊन आठ महिने झाले. पूल आला की हात अजून खिशात जातो.

अग्नी मीच दिला, मृत्यूचा दाखलाही मीच आणला. मग हाताला कोण सांगतं?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नॉर्वेतल्या मेंदूशास्त्रज्ञ मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत रिंगणात एक वस्तू ठेवली, उंदराला फिरू दिलं आणि मग ती उचलून घेतली. नंतर उंदीर त्या रिकाम्या जागी पोचला की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी चेतायच्या. वस्तू होती तेव्हा या पेशी गप्प असत. तिच्या नसण्यावर त्या बोलू लागल्या, आणि तेही पुढे कित्येक दिवस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सेस ओकॉनर यांच्या मते आपली माणसंही मेंदूच्या अशाच नकाशात असतात: कुठे भेटतील, कधी, किती जवळची. हजारो संध्याकाळींनी गिरवलेला नकाशा एका दाखल्याने पुसला जात नाही. उत्तर न आलेली एकेक संध्याकाळ त्याला खोडत जाते.

ओकॉनर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाने आई किंवा बहीण गमावलेल्या २३ स्त्रियांना स्कॅनरमध्ये त्या माणसाचे फोटो दाखवले. वेदनेशी निगडित भाग सगळ्यांचेच जागे झाले. पण ज्यांचं दुःख हटतच नव्हतं, त्यांच्यात न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्सही पेटला. हा भाग हव्याशा गोष्टीच्या ओढीचा. माणूस जाऊन किती काळ लोटला याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. ओढ जितकी तीव्र, तितका तो सक्रिय. २३ म्हणजे फार नव्हेत, हे खरं. पण आपल्याकडे आठवण ‘छळते’ म्हणतात, ते उगाच नसावं.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी २०२२ मध्ये ‘लांबलेला शोक’ हा विकार म्हणून नोंदला. प्रौढांसाठी अट, किमान बारा महिने. वर्षश्राद्धापर्यंतची मुदत! आमच्याकडे यंदाची दिवाळी दुखवट्याची.

परवा गाडी सानपाड्याला थांबली तेव्हा लक्षात आलं, पूल केव्हा गेला ते कळलंच नव्हतं. जुईनगर येईपर्यंत रडू आवरेना.