पहिला डीएसएलआर कॅमेरा : वैद्य व औषधनिर्मात्यांनी काय पाहून घ्यावा?

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादात आम्ही दुष्टव्रणाच्या एका रुग्णाचा चिकित्सावृत्तान्त सादर केला. पहिल्या, पंधराव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी काढलेली तीन छायाचित्रे पडद्यावर दाखविली. पहिले सायंकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेले होते, दुसरे खिडकीपाशी, तर तिसरे फ्लॅश वापरून. व्रणाचा तळ, काठ आणि भोवतालच्या त्वचेचा वर्ण तिन्हींत निराळा दिसत होता. श्रोत्यांतील एका ज्येष्ठ वैद्यांनी शांतपणे विचारले, "यात व्रण किती बदलला आणि उजेड किती बदलला?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. रुग्ण बरा झाला होता. पण त्याचा पुरावा आम्हीच आमच्या हाताने बिघडविला होता.

त्यानंतर आम्ही घाईने डीएसएलआर कॅमेरा घेतला, तोही दुकानदाराने सुचविला तसाच, दोन लेन्सच्या संचासह. त्यांतील दूरचे टिपणारी लांबलचक लेन्स आजही बहुतेक काळ कपाटातच असते. चिकित्सालयात वा औषधनिर्माणशाळेत वीस हातांवरचा पक्षी कोण टिपणार? आपले विषय हाताच्या अंतरावरचे असतात. पहिला कॅमेरा घेऊ इच्छिणाऱ्या वैद्यबंधुभगिनींची व फार्मसीचालकांची अशी फसगत होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मोबाईल असताना डीएसएलआर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. दैनंदिन नोंदीसाठी चांगला मोबाईल पुष्कळदा पुरेसा होतो, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु मोबाईल प्रत्येक छायाचित्रावर स्वतःहून संस्कार करतो. वर्ण गडद करणे, त्वचा गुळगुळीत करणे, छाया उजळणे हे सारे तो परस्पर करतो आणि दर वेळी सारखेच करील याची शाश्वती नसते. श्वित्राच्या मंडलाची कडा किंवा व्रणाचा वर्ण हीच जेथे निदानाची व प्रगतीची खूण आहे, तेथे हा न मागितलेला संस्कार घातक ठरतो. शिवाय मोबाईलची मुख्य लेन्स विस्तृत कोनाची असते. जवळून छायाचित्र काढले की लेन्सच्या जवळचा भाग फुगीर दिसतो व दूरचा आक्रसतो.

डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन नेत्रिकेत पोहोचतो आणि शटर दाबताच आरसा वर उचलला जाऊन तोच प्रकाश सेन्सरवर पडतो. आपल्या दृष्टीने त्याचे खरे महत्त्व आरशात नाही. छिद्र, शटरचा वेग, प्रकाशसंवेदनशीलता व वर्णसंतुलन या चारही गोष्टी आपण ठरवू शकतो आणि सहा महिन्यांनी तशाच्या तशा पुन्हा लावू शकतो, यात आहे. एकाच रीतीने पुनःपुन्हा काढता येणे हा आपल्या कामासाठी कॅमेऱ्याचा पहिला गुण होय.

बाजाराची स्थिती

२००३ साली कॅननचा ईओएस ३००डी आला आणि डीएसएलआर प्रथमच अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळू लागला. निकॉनचा डी४० हा सुटसुटीत कॅमेरा २००६ चा. निकॉनचा डी३५०० आणि कॅननचे ईओएस १५००डी व ३०००डी हे २०१८ चे. कॅननचा ईओएस २००डी मार्क २ हा २०१९ चा. पुढे दोन्ही कंपन्यांचे लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्यांकडे वळले. त्यामुळे नव्या लेन्स बहुतांशी मिररलेससाठीच निघतात. उलटपक्षी, उत्तम स्थितीतील वापरलेले डीएसएलआर व त्यांच्या लेन्स कमी खर्चात मिळू शकतात. क्रीडा वा चलचित्रण हा आपला विषय नसल्याने दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही आपले काम चोख करते.

मेगापिक्सेलच्या आकड्याने भुलू नये. ईओएस ३०००डी १८ मेगापिक्सेलचा आहे आणि डी३५०० व १५००डी हे २४ मेगापिक्सेलचे. नियतकालिकातील छपाईस व पडद्यावरील सादरीकरणास दोन्ही पुरून उरतात.

आधी विषय, मग लेन्स, शेवटी कॅमेरा

रोगपरीक्षणाआधी औषधयोजना करू नये, तसेच विषय ठरविण्याआधी कॅमेरा घेऊ नये. आपले विषय स्थूलमानाने तीन आहेत.

पहिला विषय रुग्णाचे अंग. व्रण, मंडल, शोथ, जलौकावचरणापूर्वीची व नंतरची स्थिती यांसाठी कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स पुरते. ती ५५ वर ठेवून सर्वांत जवळ नेली असता साधारण साडेसहा ते सात सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत भरतो. तळहाताएवढ्या व्रणाला याहून जवळ जाण्याचे कारण नाही.

दुसरा विषय फार्मसीत येणारी कच्ची द्रव्ये. अशोकाची साल म्हणून आसोपालवाची साल गळ्यात मारली जाते, हे प्रत्येक औषधनिर्मात्यास ठाऊक आहे. आलेल्या प्रत्येक पोत्यातील नमुन्याची बाहेरची बाजू, आतली बाजू व ताजा भंग अशी तीन छायाचित्रे मोजपट्टी ठेवून, एकाच प्रकाशात काढून बॅच क्रमांकासह जपली, तर पुढे तंटा उद्भवल्यास हाताशी काही तरी असते. छायाचित्र हे सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षणाची जागा घेत नाही. पण परीक्षणास नेमका कोणता माल पाठविला होता, हे ते सांगते. याही कामाला साधी लेन्स पुष्कळ आहे.

तिसरा विषय जिवंत वनस्पती. येथे मात्र साधी लेन्स तोकडी पडते. भुईआवळीचे उदाहरण घेऊ. भूम्यामलकी म्हणून वापरली जाणारी फायलँथस अमारस आणि तिच्यासारखीच दिसणारी फायलँथस युरिनेरिया यांतील भेद फळात आहे. पहिलीचे फळ गुळगुळीत असते व त्याला स्पष्ट देठ असतो. दुसरीचे खरबरीत व जवळजवळ बिनदेठाचे. फळ दोन-तीन मिलिमीटरचे आणि तेही पानांच्या खाली लपलेले. सात सेंटिमीटरच्या चौकटीत ते ठिपक्यासारखे दिसेल. त्यासाठी मॅक्रो लेन्सच हवी. एकास एक प्रमाणात ती सुमारे २२ ते २४ मिलिमीटर रुंदीचा भाग पूर्ण चौकटीत आणते आणि देठ आहे की नाही हा प्रश्न तेथेच निकालात निघतो.

मॅक्रो लेन्स निवडताना तिचे अंतर पाहावे. निकॉनची ४० मिलिमीटरची मॅक्रो सेन्सरपासून सुमारे १६ सेंटिमीटरवर, कॅननची ६० ची २० सेंटिमीटरवर, तर निकॉनची ८५ ची जवळजवळ २९ सेंटिमीटरवर एकास एक प्रमाण देते. पहिलीत लेन्सच्या तोंडापुढे जेमतेम तीन-चार सेंटिमीटर उरतात व तिची स्वतःचीच सावली फुलावर पडते. म्हणून शक्य तर ६० वा त्याहून अधिक लांबीची घ्यावी.

कॅमेऱ्याची निवड करताना

लेन्स ठरल्यावर कॅमेऱ्याच्या चार गोष्टी तपासाव्यात.

एक : निकॉनच्या डी३००० व डी५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत, तसेच जुन्या डी४० मध्ये, केंद्रीकरणाची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्स त्यांवर बसतात, पण हातानेच केंद्रित कराव्या लागतात. याउलट २०१६ पासून आलेल्या एएफ-पी लेन्स डी४० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर केंद्रितच होत नाहीत. कॅननच्या ईएफ व ईएफ-एस लेन्सना ही अडचण नाही.

दोन : ईओएस १५००डी, ३०००डी व २००डी मार्क २ यांच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू दिलेला नाही. केवळ त्या बिंदूवर चालणारे स्वस्त फ्लॅश व रिंग फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत.

तीन : ३०००डी च्या नेत्रिकेस चष्म्याच्या नंबराप्रमाणे जुळवून घेण्याची सोय नाही. चाळिशी लागलेल्या वैद्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

चार : डी५६०० व २००डी मार्क २ यांचा पडदा बाहेर काढून वळविता येतो. भुईआवळी, ब्राह्मी, शंखपुष्पी अशा जमिनीलगतच्या वनस्पती टिपताना पावसाळी चिखलात पालथे पडावे लागत नाही. केवळ रुग्ण व कच्ची द्रव्ये टिपणाऱ्यांना या पडद्याची गरज नाही.

दुकानात जाताना सालीचा एक तुकडा, एक ताजे पान व एक मोजपट्टी खिशात न्यावी. या दोन वस्तू व स्वतःचा तळहात यांची छायाचित्रे तेथेच काढून, मोठी करून पाहावीत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा ही दहा मिनिटे अधिक शिकवितात.

वापरलेला कॅमेरा घेताना लेन्समधून विजेरीचा झोत टाकून बुरशीचे तंतू दिसतात का ते पाहावे. छिद्र एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचे वा पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढावे. सेन्सरवरील धुळीचे डाग त्यात उमटतात. शटर किती वेळा चालले आहे तेही विचारावे. निकॉनने डी३५०० च्या शटरची चाचणी १ लाख वेळांसाठी केलेली आहे, यावरून अंदाज बांधता येईल.

प्रकाश व शिस्त

ठरविलेल्या रकमेतील काही भाग ट्रायपॉड, एक स्थिर दिवा, राखी वर्णपट्टिका व मोजपट्टी यांसाठी अवश्य राखून ठेवावा. कॅमेरा भारी आणि उजेड लहरी, अशी स्थिती असेल तर सारा खर्च व्यर्थ.

आम्ही पाळतो ती पद्धत अशी. लेन्स ५५ वर, छिद्र एफ/८, संवेदनशीलता ठरलेली, वर्णसंतुलन स्वयंचलित न ठेवता राखी पट्टिकेवरून निश्चित केलेले. कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला एक दोरा बांधला आहे व त्याला गाठ मारली आहे. गाठ त्वचेजवळ आली की अंतर बरोबर. पहिल्या चौकटीत रुग्णाचा नोंदणी क्रमांक व दिनांक लिहिलेली चिठ्ठी, दुसरीत संपूर्ण अवयव, तिसरीत मोजपट्टीसह व्रण. चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली काम करणे भाग असेल तर शटर एक पन्नासांश वा एक शतांश सेकंदावर ठेवावे. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर तो प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो आणि वेगवान शटरमध्ये पट्टे उमटतात. मूळ फाइल कधीही बदलू नये. कापणे वा उजळणे ते प्रतीवर करावे.

निगा

फार्मसीचालकांसाठी एक इशारा. चूर्ण दळण्याच्या वा चाळण्याच्या खोलीत लेन्स कधीही बदलू नये. जे सूक्ष्म चूर्ण आपण वस्त्रगाळ करून मिळवितो, तेच सेन्सरचा शत्रू आहे. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे. धूळ रबरी फुंकणीने उडवावी, तोंडाने फुंकू नये. कोकण व गोव्यातील दमट हवेत लेन्स चामडी पिशवीत ठेवल्यास बुरशी हमखास धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि ते जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे.

संमती

रुग्णाचे छायाचित्र ही त्याने विश्वासाने दिलेली ठेव आहे. लेखी संमती घ्यावी. ती नोंदीपुरती आहे की प्रकाशनासाठीही, हे त्यात स्पष्ट असावे. चेहरा व ओळख पटविणाऱ्या खुणा शक्यतो चौकटीबाहेर ठेवाव्यात. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, याचे भान असावे. उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे जाहिरातीत वापरण्याचा मोह तर टाळावाच. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत श्वित्रासह अनेक रोगांचा समावेश आहे. चांगला कॅमेरा हाती आल्यावर ही चूक अधिक सुबकपणे होते, एवढेच.

वनस्पतींबाबतही मर्यादा ओळखावी. गुराखी व मेंढपाळ वनस्पती नामरूपाने ओळखतात, परंतु योग जाणणारा तो खरा तत्त्वज्ञ, असा चरकाचार्यांचा अभिप्राय आहे. कॅमेरा आपल्याला केवळ रूप देतो. संशय असेल तेथे छायाचित्रासोबत वाळविलेला नमुना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रासारख्या ठिकाणी दाखवून निश्चिती करावी.

त्या परिसंवादानंतर दुसऱ्या एका व्रणरुग्णाची अकरा छायाचित्रे आम्ही वरील पद्धतीने, त्याच खिडकीशेजारी, त्याच दोऱ्याच्या मापाने काढली. कॅमेरा साधाच होता आणि लेन्स त्याच्यासोबत आलेलीच. ती छायाचित्रे आम्ही त्याच ज्येष्ठ वैद्यांना नेऊन दाखविली. त्यांनी ती एकामागून एक, सावकाश पाहिली. या वेळी उजेडाविषयी काही न विचारता त्यांनी विचारले, "लेप कोणता वापरलात?"