दोन बोटांचा गिटारवाला

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याने सायकल उलटी करून ठेवली, पेडल गरागरा फिरवलं आणि चेनला तेल घालायला गेला. तेल राहिलं बाजूला, उजव्या हाताची दोन बोटंच चेन आणि दातेरी चक्राच्या मधे सापडली! ऑपरेशन झालं, टाके पडले, हात गळ्यात आला. स्वारी चार वर्षं तबला शिकतेय. पहिल्या दिवशी रडला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बँडेजकडे बघत हळूच म्हणाला, "मामा, माझा तबला संपला का रे?"

"छे रे, होईल सगळं ठीक," असं म्हणणं सोपं होतं. पण मला डॉक्टरी कळत नाही, आणि मुलांना खोटं बरोब्बर कळतं. म्हणून मी त्याला जँगो राइनहार्टची गोष्ट सांगितली.

हा जँगो १९१० साली बेल्जियममध्ये जन्मला आणि पॅरिसच्या वेशीबाहेर वाढला. त्याचे लोक फिरस्ते. घोडे जोडायचे, की घर चाललं पुढच्या गावाला! हे लोक स्वतःला 'मानूश' म्हणवतात. ओळखीचा वाटतो ना शब्द? अर्थही तोच, माणूस. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडूनच, उत्तर भारतातून, पश्चिमेला गेले. पाण्याला ते आजही 'पानी'च म्हणतात.

जँगो शाळेत जवळजवळ गेलाच नाही. पण बारा-तेरा वर्षांचा असतानाच नाचाच्या हॉलमध्ये बँजो वाजवून पैसे मिळवू लागला. अठराव्या वर्षी तर त्याचं नाव पॅरिसभर झालं होतं.

आणि मग २ नोव्हेंबर १९२८ ची रात्र आली. वाजवून दमलेला जँगो आपल्या गाडीत परतला. बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं गाडीभर पसरलेली. सेल्युलॉइड म्हणजे ज्याच्या पूर्वी सिनेमाच्या फिल्मा बनत ते, ठिणगी पडायचा अवकाश की भडका! मेणबत्ती फुलांवर पडली आणि क्षणात गाडी पेटली. दोघं बाहेर पडले खरे, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात भाजून निघाला. पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याने साफ नकार दिला. जवळजवळ दीड वर्ष तो अंथरुणाला होता. पाय वाचला. हाताची गोष्ट मात्र वेगळी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं, ते कायमचंच.

असं का होतं? जरा गंमत करा. डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या खाली घट्ट धरा आणि उजवी बोटं हलवा. हाताच्या आत काहीतरी सरकताना जाणवतंय ना? बोटांत स्नायू नसतातच! ते असतात तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात. तिथून दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत जातात आणि कळसूत्री बाहुलीसारखी बोटं हलवतात. दोरी तुटली किंवा चिकटून बसली, की बोट रुसलंच. आणि खोल भाजलेली कातडी बरी होता होता आकसते, बोटाला आत खेचून धरते. म्हणून तर ऑपरेशननंतर डॉक्टर व्यायाम देतात. (ते कंटाळवाणे असतात, मान्य! पण ते किती करायचे आणि कधी करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचं, उत्साही मामांनी नाही.)

अंथरुणात पडलेल्या जँगोला त्याच्या धाकट्या भावाने, जोसेफने, एक नवी गिटार आणून दिली. आता बघा, गिटारच्या तारा छेडतो उजवा हात, पण सूर ठरतो तारा दाबणाऱ्या डाव्या हाताने. त्या हाताची चारही बोटं लागतात. जँगोकडे चालती दोनच! जुनं काहीही जमेना. म्हणून त्याने सगळं नव्याने बसवलं. चार बोटांनी एका जागी जे मिळतं, ते दोन बोटांनी गिटारच्या मानेवर वरखाली धावत मिळवायचं. वळलेली दोन बोटंही त्याने बेकार बसू दिली नाहीत. ती सरळ होत नव्हती, पण बारीक तारांवर टेकत होती. मग काही स्वरमेळांत त्यांना तेवढंच काम दिलं.

१९३४ मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली आणि जँगो यांचा पाच जणांचा वाद्यवृंद उभा राहिला. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास. ढोल नाही की ताशा नाही, नुसत्या तारा! जॅझ म्हणजे अमेरिकेचं संगीत, पण त्यात युरोपाने स्वतःचं असं काही घातलं ते या मंडळींनी. १९५३ मध्ये जँगो गेला, अवघा ४३ वर्षांचा.

गोष्ट इथे संपली असती. पण १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तोही गिटारवाला. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम पुरं करून ये. गेला, आणि यंत्राखाली दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो नेमका उजवाच हात! तो पार खचला. तेव्हा कारखान्याचा फोरमन एक तबकडी घेऊन घरी आला. टोनीला ऐकायचीच नव्हती. त्याने आग्रहाने लावली आणि मग सांगितलं, हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय.

ती तबकडी कुणाची, हे तुम्ही ओळखलंच असेल.

टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैलही सोडल्या, तसा आवाज आणखी जड आणि गंभीर झाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली तबकडी १९७० मध्ये आली. ५ जुलै २०२५ ला बँडचा अखेरचा कार्यक्रम बर्मिंगहॅमलाच झाला, तेव्हा ७७ वर्षांचा टोनी रंगमंचावर गिटार वाजवत होता.

भाच्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण मामा, मला तर अजून बँडेज सोडायचीसुद्धा परवानगी नाही."

खरंच होतं. तोंड आणि डावा हात मात्र मोकळा होता. मग त्याच्या गुरुजींनीच युक्ती काढली. डाव्या हाताने डग्गा वाजवायचा, उजव्याचे बोल तोंडाने म्हणायचे. खालीच्या मात्रांना डग्गा गप्प, तेव्हा नुसती पढंत. पहिले आठ दिवस तो लयीत सारखा अडखळायचा आणि चिडून डग्गा ढकलून द्यायचा.

आता पट्टी निघाली आहे. एक बोट अजून पुरतं वाकत नाही, व्यायाम चालू आहेत. परवा गेलो तर दार उघडायच्या आधीच आतून डग्ग्याचा घुमारा आणि मोठ्याने "ता तिं तिं ता" ऐकू आलं, आणि मागोमाग ताईचा आवाज: "अरे, आधी जेवून घे!"