माप वेगळे, वजन वेगळे

“गुरुजी, पायलीभर जवारी म्हंजे किती किलो हो?” असे आम्हांला अमरावती-अकोल्याकडे पुष्कळ जण विचारतात. प्रश्न साधा आहे. पण सगळ्या गावांना लागू पडेल असा एक आकडा सांगता येत नाही. का, ते पाहू.

पायली, शेर, मापटे, चिपटे ही धान्य मापायची भांडी. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. भांड्यात किती मावते, ते माप सांगते. वस्तू किती जड आहे, ते तराजू सांगतो. किलो हे वजन आहे.

घोटाळा नावांमुळे झाला. मापायचा शेर होता, तसा तोलायचाही शेर होता. तोलायचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. धान्याची खंडी मापाची, तर रुईच्या व्यापारातली खंडी वजनाची, सुमारे ३५६ किलो. शिवाय गावोगावची पायली निराळी. म्हणून १९५६ साली कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने देशात आली. मापासाठी लिटर आले.

आता एक लिटरचे भांडे घ्या. त्यात पाणी भरले तर वजन १ किलो. दूध थोडे जास्त, सुमारे १ किलो ३० ग्रॅम. खायचे तेल सुमारे ९१० ग्रॅम. गहू पाऊण किलोच्या थोडे वर. गव्हाचे पीठ अर्ध्या किलोच्या आसपास. भांडे तेच, पण वजन बदलले! पीठ ठोकून भरले किंवा धान्याला शीग लावली, तर आणखी फरक पडतो.

हा फरक पैशाचा आहे. एक लिटर तेलाची पिशवी म्हणजे एक किलो तेल नव्हे. त्यात सुमारे ९० ग्रॅम कमी असते. किलोच्या भावाने अशा अकरा पिशव्या घेतल्या, तर जवळजवळ एक किलो तेल कमी आले. पिशवीवर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा ते वाचूनच पैसे द्या.

हा फरक पोटाचाही आहे. शाळेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. ४० मुलांना ४ किलो तांदूळ लागला. रांधणाऱ्या बाईने डबा अंदाजाने भरला आणि तो कमी पडला, तर पोरे अर्धपोटी उठतील.

यावर उपाय सोपा आहे.

१. एक भांडे ठरवा. नेहमी तेच वापरा.
२. ते रिकामे तोला.
३. तांदूळ भरा. काठावरून हात फिरवून सपाट करा.
४. पुन्हा तोला. रिकाम्या भांड्याचे वजन वजा करा.
५. उरलेला आकडा वहीत लिहा. डाळ, गहू, पीठ, साखर यांचे आकडे असेच वेगवेगळे काढा.

समजा, भांड्यात ८०० ग्रॅम तांदूळ मावला. मग ४ किलोला बरोबर ५ भांडी लागतील. रेशनचा १० किलो तांदूळ घरी मापला, तर साडेबारा भांडी भरली पाहिजेत. अकराच भरली तर दुकानदाराला शांतपणे सांगा, “भाऊ, पुन्हा तोला.” काट्यावर सरकारी शिक्का आहे का, तेही पाहा. हा तुमचा हक्क आहे.

पायलीचेही असेच करा. आपल्या घरची पायली ज्वारीने भरून एकदा तोला, म्हणजे तिचे किलो कळतील.

सांगा पाहू : एका भांड्यात ७५० ग्रॅम गहू मावतात. १५ किलो गव्हाची किती भांडी होतील?