मधलं बटण अडकलं तेव्हा

लालबागमध्ये ‘बेंजो’ म्हटलं की लहान पोरालाही कळतं. लांबट लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा, टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हातात नखी. पुस्तकांत या वाद्याला बुलबुलतरंग म्हणतात. बेंजो पार्टीत मी तीस वर्षं काढली, पण मिरवणुकीत ते नाव कधी कानावर आलं नाही.

हे वाद्य मूळचं जपानचं. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ते बनवलं. बटणांची कल्पना टाइपरायटरवरून घेतलेली. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. आपल्याकडे आल्यावर त्याला अमेरिकेतल्या बँजोचं नाव चिकटलं. खरं तर तो बँजो अगदी निराळा: गोल अंगावर चामडं ताणलेला, लांब दांडीचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आपल्या आठवणीतल्या वाद्यांवरून तो तिथे घडवला.

आमच्या वाद्याची रचना सोपी आहे. बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर टेकते, तार तेवढी आखूड होते आणि सूर वर चढतो. बाजूच्या तारांना बटण लागत नाही, त्या सतत सा धरून राहतात. मिरवणुकीसाठी गिटारचा पिकअप बसवतात आणि वायर अ‍ॅम्प्लिफायरमधून गाडीवरच्या भोंग्यांना जोडतात. अडचण एकच, पण मोठी. छेडलेला सूर लगेच विरतो, आणि एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना सतारीसारखी मींड निघत नाही. गळ्यातली हरकत जशीच्या तशी वाजवायला गेलात की ती तुटक ऐकू येते. म्हणून गाण्यात नसलेलं काहीतरी वाजवणाऱ्याला भरावंच लागतं. आम्ही त्याला ‘पीस टाकणं’ म्हणतो.

हे भरायचं कुठून आणायचं, हा प्रश्न मला पहिली काही वर्षं छळत होता. मला शिकवणारे वस्ताद गिरणीत कामाला होते. पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर बसायचे. ते सगळं पाठ करून घ्यायचे, मुखडा, अंतरा, मधले पीस. ‘नागिन’मधली बीन आली म्हणजे सुपारी मिळायला लागली, असं पार्टीत समजलं जाई. १९५४ च्या त्या चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं, पण ती बीन खऱ्या पुंगीची नाही. गिरगावात वाढलेल्या कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. मी ती बीन घोटून घोटून अचूक बसवली. माझं स्वतःचं मात्र त्यात काही नव्हतं, आणि ते मला आतून खुपायचं.

मी बावीस वर्षांचा असताना, अनंत चतुर्दशीच्या रात्री, आमची गाडी ऑपेरा हाउसच्या अलीकडे होती. कोळीगीत रंगात आलेलं, आणि मध्यमाच्या बटणाची स्प्रिंग तुटली. बटण खाली गेलं ते वर येईना. ज्यांनी हे वाद्य हाताळलेलं नाही त्यांना सांगतो, अशा वेळी तार मध्यमावर दाबलेलीच राहते. सा, रे, ग यांतलं काहीही दाबा, वाजतो मध्यमच. खालचे सूर गेलेच म्हणायचे. समोर सगळा रस्ता नाचत होता. ढोलकीवाले काका माझ्याकडे न बघता ओरडले, “थांबू नको रे, वाजव!”

मी मध्यमालाच सा धरलं आणि गाणं तिथून उचललं. बाजूच्या तारा जुन्या सा मध्येच वाजत राहिल्या, तरी बेसूर झाल्या नाहीत, कारण मध्यमाला सा मानलं की जुना सा त्याचा पंचम होतो. गाण्याखाली एक वेगळाच रंग पसरला. बोटांना मात्र ओळखीचं काही सापडेना. गाण्यातला मध्यम आता कोमल निषादाच्या बटणावर गेला होता. पाठ केलेल्या पीसची वाट बंदच झाली होती. मग मी सापडेल ते बटण धरून ढोलकीच्या बोलांवर नुसती नखी चालवली. एकाच सुरावर सहा आघात, मधला एक गाळून, पुन्हा सहा. काकांनी तेच उलटून दिलं. मी परत दिलं. चौपाटी येईपर्यंत आमचा सवाल-जवाब चालला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्प्रिंग बदलली, पण रियाज पहिल्यासारखा राहिला नाही. चाळीत आवाज नको म्हणून तारांखाली पंचा खोचायचो आणि एकच मुखडा घेऊन बसायचो. आधी सरळ. मग फक्त तीन बटणांत बसवायचा. मग बटणं तीच ठेवून नखीचे आघात बदलायचे, पण समेवर यायचं ते चुकवायचं नाही. हे तिसरं सगळ्यात कठीण, आणि बेंजोचा जीव त्यातच आहे असं माझं ठाम मत आहे. आजची पोरं वेगाच्या मागे लागतात. मला तो वेग लवकर कंटाळवाणा होतो.

सुचायला बाकी चाळच पुरायची. शनिवारचं भजन, त्यात गजर चढताना पखवाजवाला जागा कशी सोडतो ते ऐकायचो. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातलं नमन असलं की मागच्या रांगेत बसून मृदंग ऐकायचो. सूर मी गाण्यांतून घेतले, पण जागा शिकलो त्या सगळ्या तालवाद्यांकडून.

बऱ्याच वर्षांनी एका मित्राने अर्ल स्क्रग्ज या अमेरिकेतल्या बँजोवादकाचं वादन ऐकवलं. बिल मन्रो हे अमेरिकेतल्या केंटकीचे मेंडोलिनवादक. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या पार्टीवरूनच त्या संगीताला ब्लूग्रास हे नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरमध्ये स्क्रग्ज त्यांच्यात आले आणि तीन बोटांनी बँजो छेडण्याची त्यांची रीत जगभर गेली. त्यांच्याही वाद्यात सूर टिकत नाही. त्यांच्याही बाजूला एक आखूड तार सारखी एकच सूर धरून असते, आणि चाल त्या आघातांच्या गर्दीतून वर येते. एकाने आपली फेरी घ्यायची, बाकीच्यांनी ठेका धरायचा, मग दुसऱ्याने. भाषा कळत नसताना मला ते घरचं वाटलं. त्या रात्री मी तेच एक रेकॉर्डिंग परत परत ऐकत बसलो.

आता माझा भाचा शिकतो. पाठांतर पक्कं आहे, हातही गोड आहे. या वर्षी गणपतीच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा मी त्याच्या मध्यमाच्या बटणाला रबर गुंडाळून ते खाली बांधून टाकलं आणि म्हटलं, आता वाजव. पहिले दोन दिवस तो रडवेला झाला. तिसऱ्या दिवशी खालून जिना चढत असताना मला दारातून एक पीस ऐकू आला, मी कधी न वाजवलेला, अर्धवटच, समेच्या जरा आधी तुटलेला. आत जाऊन मी रबर सोडायला हात पुढे केला.

“मामा, राहू दे,” तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.