सेकंदाला चाळीस ठोके

मुंबईत तान्ह्या बाळाच्या कानांची तपासणी करायला गेलेल्या आईवडिलांच्या कानावर दोन नावं हमखास पडतात: ‘बेरा’ आणि ‘एएसएसआर’. बाळ गाढ झोपलेलं असताना कानात आवाज सोडायचे आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून मेंदूचं उत्तर टिपायचं, अशा या दोन्ही चाचण्या. बाळाला बोलता येत नाही, पण मेंदू सांगतो की ऐकू आलं. यातली दुसरी चाचणी ज्या संशोधनातून आली, त्याचा गेल्या चार दशकांतला प्रवास मला फार विलक्षण वाटतो. तो कानापासून सुरू झाला आणि बुद्धीपर्यंत येऊन ठेपला.

सुरुवात 1981 ची. रॉबर्ट गॅलम्बॉस तेव्हा सॅन डिएगोला होते. तरुणपणी डोनाल्ड ग्रिफिन यांच्यासोबत वटवाघळं प्रतिध्वनीच्या आधारे अंधारात वाट काढतात हे दाखवून देणारा हाच माणूस. स्कॉट मकेग आणि पॅट्रिशिया टॅल्माचॉफ यांच्याबरोबर त्यांनी एक साधा प्रयोग केला. एका आवाजाला मेंदू जे उत्तर देतो त्यात साधारण 25 मिलिसेकंदांच्या अंतराने लाटा उठतात, हे माहीत होतं. मग आवाजच दर 25 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 40 वेळा दिला तर? पहिल्या लाटेचा माथा ओसरायच्या आत दुसरी तिच्यावर चढते. झोका नेमक्या क्षणी ढकलला की उंच जातो, तसा इथे प्रतिसाद मोठा झाला. 40 हर्ट्झची ती लय डोक्याच्या कातडीवरून स्वच्छ दिसू लागली.

कानाच्या डॉक्टरांना आणि ऑडिऑलॉजिस्टना हर्ष झाला, पण फार काळ टिकला नाही. माणूस झोपला की ही लय निम्म्यावर येते, आणि भूल दिली की जवळजवळ विझते. तपासणी तर झोपलेल्या बाळाचीच करायची! म्हणून मेलबर्नच्या संशोधकांनी 1990 च्या सुमारास वेग वाढवला. सेकंदाला 80 च्या पुढे गेलं की प्रतिसाद मुख्यतः मेंदूच्या खोडातून येतो आणि झोपेची त्याला तितकी पर्वा नसते. आज दवाखान्यात मुलांसाठी हाच वेग वापरतात. 40 मागे पडला.

या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच घडते. ऑडिऑलॉजिस्टना जी अडचण वाटली, तिच्यात मानसोपचारतज्ज्ञांना खिडकी दिसली. लय जर जागेपणावर, सावधपणावर अवलंबून असेल, तर ती फक्त कानाची असू शकत नाही. मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशी एका तालात किती नेटकेपणाने काम करतात हे ती सांगत असणार. हा ताल धरायला उत्तेजक पेशींना आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशी लागतात, आणि त्यांचं काम बिघडलं तर विचारांची घडीही विस्कटते. 1999 मध्ये क्वॉन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या 15 रुग्णांना 20, 30 आणि 40 हर्ट्झचे क्लिक ऐकवले. 40 वरच त्यांचा प्रतिसाद निरोगी माणसांपेक्षा क्षीण निघाला. 2006 मध्ये ग्रेगरी लाइट यांच्या गटाने 100 रुग्ण अभ्यासले. ज्यांची लय दुबळी, त्यांची कार्यस्मृतीही कच्ची, असा संबंध तिथे दिसला. कार्यस्मृती म्हणजे ऐकलेला फोन नंबर लिहून होईपर्यंत मनात धरून ठेवणं.

निरोगी माणसांचं काय? लिथुआनियातल्या विल्नियसच्या संशोधकांनी तरुण पुरुषांना कोडी घातली आणि त्यांची 40 हर्ट्झची लयही मोजली. आखणी करून सोडवायच्या कोड्यात संबंध सापडला, पण इतर चाचण्यांत तो तसा दिसला नाही. माझं मत स्पष्ट आहे. हा संबंध खरा आहे, पण तो गटाच्या सरासरीत दिसतो. एका माणसाची लय मोजून त्याची हुशारी सांगणं याला आज आधार नाही.

पवईत राहून हा विषय वाचताना नजर आपोआप आयआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाकडे जाते. तिथे प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी श्रवणदोषावर वर्षानुवर्षं काम केलं. ते ईईजीचं, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी मोजण्याचं नव्हे, आवाजाचं काम. आतल्या कानाच्या पेशी झिजल्या की आवाज मोठा करूनही भागत नाही, कारण जवळजवळचे स्वर एकमेकांना झाकोळतात. पांडे आणि डी. एस. चौधरी यांनी 1990 च्या दशकात वेगळी वाट धरली: बोलण्याचे वारंवारतेनुसार पट्टे पाडायचे, एकाआड एक पट्टा डाव्या आणि उजव्या कानात सोडायचा, आणि जोडणी मेंदूवर सोपवायची. त्यांच्या चाचण्यांत शब्द किती बरोबर ओळखले हे तर पाहिलंच, पण उत्तराला लागलेला वेळही मोजला. ऐकायला मेंदूला किती कष्ट पडले, हा प्रश्न त्या वेळात दडलेला आहे. कार्यस्मृतीच्या संशोधकांचाही प्रश्न तोच.

मेंदूची लय आपल्याकडच्या प्रयोगशाळेत मोजायची तर एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे घरगुती विजेची वारंवारता 50 हर्ट्झ, अमेरिकेत 60. मेंदूची लय शोधायची 40 वर, आणि तिच्या शेजारीच भिंतीतल्या वायरिंगचा गुणगुणाट त्याहून कितीतरी मोठा! भारतात अशी मोजणी करायची तर फिल्टर, अर्थिंग आणि तंत्रज्ञाचा हात, तिन्ही पक्के लागतात.

40 चा गाजावाजा झाला तरी भाषेची लय त्याहून पुष्कळ संथ आहे. बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं येतात आणि मेंदूची ‘थीटा’ नावाची संथ लय त्यांच्यामागून चालते. वाचनात अडखळणाऱ्या मुलांचा मेंदू ही चाल नीट पकडत नसावा, असा सिद्धांत केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी 2011 मध्ये मांडला. तो अजून वादात आहे. आयआयटीतच प्रा. प्रीती राव यांचा गट मुलांचं मोठ्याने वाचन संगणकाला ऐकवून त्यातला ओघ, विराम, चढउतार तपासतो. तिथे मेंदूला तारा लावाव्या लागत नाहीत. वाचणाऱ्याला अर्थ लागला की नाही हे त्याच्या आवाजाच्या लयीतूनही कळतं. शाळांसाठी मला ही दिशा अधिक उपयोगाची वाटते.

गेल्या दहा वर्षांत मात्र मोजणीकडून उपचाराकडे उडी घेतली गेली. एमआयटीच्या ली-ह्युई त्साई यांच्या गटाने 2019 मध्ये अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांना 40 हर्ट्झचा आवाज ऐकवला. त्यांच्या मेंदूतलं अमायलॉइड (या आजारात साचणारं प्रथिन) घटलं आणि स्मरण सुधारलं. बातमी जगभर पसरली आणि ‘40 हर्ट्झ’ नावाचे ध्वनी मोबाइलवर आले. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने त्साई यांच्या गटाचे आधीचे 40 हर्ट्झच्या प्रकाशाचे प्रयोग उंदरांवर पुन्हा करून पाहिले, तेव्हा अमायलॉइड घटल्याचं दिसलं नाही. डिमेन्शियाने खचलेल्या घरांना असे ध्वनी उपाय म्हणून विकणं मला अन्यायाचं वाटतं.

कान आणि बुद्धी यांच्या नात्याचा याहून ठोस पुरावा त्याच वर्षी आला, आणि त्यात लयीचा उल्लेखही नव्हता. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या, उपचार न घेतलेला श्रवणदोष असलेल्या 977 जणांपैकी काहींना श्रवणयंत्रं आणि समुपदेशन दिलं, बाकीच्यांना आरोग्याचं सर्वसाधारण मार्गदर्शन. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर दोन्ही गटांच्या बुद्धीच्या घसरणीत फरक नव्हता. पण ज्यांना तिचा धोका आधीपासून जास्त होता, त्यांच्यात श्रवणयंत्रं मिळालेल्यांची घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. मध्यमवयातला श्रवणदोष हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असं ‘लॅन्सेट’चा आयोग 2017 पासून सांगत आला आहे. आपल्याकडे साठीचा माणूस चष्मा बदलायला बिनदिक्कत जातो, पण टीव्हीचा आवाज वाढवत नेणाऱ्या आजोबांची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करायची घरात कुणाला आठवण होत नाही. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयात हे काम दशकानुदशकं चालू आहे, आणि पवईहून दोन्ही ठिकाणी जाऊन एका दिवसात परत येता येतं.